रोमच्या संतसूचीतला बोधिसत्त्व

रोमन कॅथलिक चर्चची संतांची एक अधिकृत सूची आहे. वर्षातल्या कोणत्या दिवशी कोणाचे स्मरण करायचे, ते तिच्यात लिहिलेले असते. सोळाव्या शतकाच्या शेवटी सेझारे बारोनियो या विद्वान धर्मगुरूने ही सूची तपासून, टिपा जोडून सिद्ध केली. तिच्यात २७ नोव्हेंबरपुढे बार्लाम आणि जोसाफात अशी दोन नावे होती. त्यांचा ठावठिकाणा दिला होता तो पर्शियाला लागून असलेल्या भारतातला. त्यांची अद्भुत कृत्ये दमास्कसच्या संत जॉनने लिहून ठेवली आहेत, असा हवालाही सोबत होता. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च जोसाफातचा सण २६ ऑगस्टला पाळते.

यातला बार्लाम हा म्हातारा तपस्वी आणि जोसाफात हा राजपुत्र. मराठी वाचकाला त्यांची कथा सांगताना थोडी पंचाईत होते, कारण दोन-तीन वाक्यांतच तो म्हणेल की ही तर आम्हाला ठाऊक आहे. तरी मध्ययुगीन युरोप ती जशी ऐकत होता तशीच आधी सांगतो.

भारतात अवेनिर नावाचा बलाढ्य राजा होता. तो मूर्तिपूजक होता आणि ख्रिस्ती साधूंचा हाडवैरी. त्याला मूल नव्हते. फार दिवसांनी मुलगा झाला, तेव्हा त्याने राज्यातले नामांकित ज्योतिषी बोलावले. ग्रीक ग्रंथात त्यांची संख्या ५५ दिली आहे. मुलगा ऐश्वर्याने सगळ्या पूर्वजांना मागे टाकील, असे बाकीचे सांगत असताना त्यांच्यातला सर्वांत ज्ञानी ज्योतिषी म्हणाला, “महाराज, हा मोठा होईल खरा, पण तुमच्या राज्यात नव्हे, याहून थोर अशा दुसऱ्या राज्यात.” राजाने ओळखायचे ते ओळखले. त्याने मुलासाठी निराळा महाल बांधला आणि तिथे तरणीताठी, देखणी माणसे तेवढी चाकरीला ठेवली. त्यांतला कोणी आजारी पडला तर त्याला लगेच हलवायचे. म्हातारपण, रोग, दारिद्र्य, मरण यांचा उच्चारही कोणी करायचा नाही.

राजपुत्र मोठा झाला आणि बाहेर जाण्याचा हट्ट धरून बसला. पहिल्या फेरीत त्याला एक व्यंग झालेला रोगी आणि एक आंधळा दिसला. पुढच्या फेरीत कंबरेत वाकलेला, दात पडलेला, बोबडे बोलणारा म्हातारा दिसला. हे सगळ्यांच्याच वाट्याला येते का, आणि यानंतर काय, असे त्याने विचारले. सोबतच्या सेवकांनी मरणाबद्दल खरे ते सांगितले, आणि महालाच्या भिंतींचा काही उपयोग उरला नाही.

अशा वेळी सेनारच्या वाळवंटातून बार्लाम आला. रत्नांचा व्यापारी बनून तो महालात शिरला. आपल्याकडचे रत्न ज्याची दृष्टी निर्मळ असेल त्यालाच दिसते, अशी त्याची बतावणी. आत गेल्यावर त्याने एकामागून एक दृष्टान्त सांगितले आणि राजपुत्राला बाप्तिस्मा दिला. राजा खवळला. त्याने कपटाचा वादविवाद मांडला, मग थेउदास नावाच्या जादूगाराच्या सल्ल्याने मुलाभोवती सुंदर तरुणी आणून ठेवल्या. त्याचाही उपयोग झाला नाही, तेव्हा अर्धे राज्य देऊन पाहिले. शेवटी बापच ख्रिस्ती झाला. बाप गेल्यावर जोसाफातने राज्य बाराखियास नावाच्या विश्वासू माणसाच्या हाती सोपवले आणि वयाच्या २५व्या वर्षी तो रानात निघून गेला. बार्लामला शोधण्यात दोन वर्षे गेली. तप ३५ वर्षे चालले. मरणानंतर दोघांना एकाच थडग्यात ठेवले, आणि पुढे ती शरीरे न कुजलेली सापडली, असे चरित्र सांगते.

ही बुद्धाचीच कथा. शुद्धोदन, असिताचे भाकीत, जगापासून दूर ठेवणारा महाल, रथातून दिसलेला म्हातारा आणि रोगी, माराच्या कन्या, सगळे इथे आहे, फक्त नावे बदलली आहेत. पण काय गळले तेही पाहण्यासारखे आहे. यशोधरा नाही, राहुल नाही, कंथक घोडा आणि छन्न सारथी नाहीत. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बोधिवृक्ष नाही. सिद्धार्थ गुरूंकडे गेला, त्यांच्याकडून समाधान न झाल्याने उठला आणि शेवटी एकट्याने बसून त्याला जे कळायचे ते कळले. जोसाफातला सगळे बार्लाम सांगतो. ज्ञान शोधणारा राजपुत्र इथे ज्ञान स्वीकारणारा शिष्य झाला आहे. मला वाटते, धर्मांतराचे खरे काम इथे झाले. ख्रिस्ती मताचे पाठ जोडले, बायबलची वचने पेरली, हे सगळे त्याच्या पुढचे.

ही कथा युरोपात पोहोचली कशी, याचा माग उलट दिशेने काढावा लागतो. लॅटिनमधला पहिला अनुवाद कॉन्स्टँटिनोपलमध्ये १०४८च्या सुमाराला झाला. तो ग्रीक ग्रंथावरून केलेला. ही कथा भारत नावाच्या आतल्या देशातून संत साबाच्या मठातल्या जॉन नावाच्या साधूने जेरुसलेमला आणली, असे त्या ग्रीक ग्रंथाच्या शीर्षकातच म्हटले होते. साबाच्या मठातला जॉन म्हणजे आठव्या शतकातला थोर धर्मपंडित दमास्कसचा संत जॉन, असा अर्थ लोकांनी लावला आणि ग्रंथ त्याच्या नावावर जमा झाला. आज अभ्यासक तो युथिमियसच्या नावावर घालतात. हा युथिमियस जॉर्जियाचा. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावर जॉर्जियन साधूंचा इव्हिरोन मठ आहे, तिथला तो मठाधिपती, मृत्यू १०२८चा. त्याने ‘बालावारियानी’ हे पुस्तक जॉर्जियनमधून ग्रीकमध्ये नेले, असे त्याच्या स्वतःच्या जॉर्जियन चरित्रातच नोंदले आहे.

राजपुत्र ख्रिस्ती झाला तो जॉर्जियात. काळ्या समुद्राच्या पूर्वेच्या या डोंगराळ देशातल्या साधूंच्या हाती कथेचे अरबी रूप आले होते, आणि त्या अरबी रूपात ख्रिस्त नव्हता. तिथे बिलव्हर नावाचा तपस्वी बुदासफ नावाच्या राजपुत्राला जगाच्या मोहाविषयी सावध करतो, एवढेच. बगदादचा ग्रंथविक्रेता इब्न अल-नदीम याने दहाव्या शतकात अरबी पुस्तकांची जी जंगी सूची केली, तिच्यात ‘बिलव्हर आणि बुदासफ’ची नोंद आहे. त्याच शतकातल्या इब्न बाबावैह या शिया पंडिताने ही कथा आपल्या धर्मग्रंथात सविस्तर घेतली. अरबीच्याही मागे इराणी आणि मध्य आशियाई रूपे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मोहिमांना चीनमधल्या तुर्फानच्या वाळूत मानी पंथाच्या लोकांची फाटकी पाने सापडली. त्यांत या कथेच्या फारसी पद्यरूपाचे तुकडे निघाले. मानी पंथ बुद्ध, जरथुष्ट्र आणि येशू तिघांनाही मानणारा. त्यामुळे ही कथा त्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडे सरकली, असे मानायला आधार आहे.

नावाचा माग यातच दडलेला आहे. बोधिसत्त्वाचे इराणी मुखात बोदिसफ झाले आणि अरबीत बुदासफ. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीचे ‘ब’ आणि ‘य’ एकाच वळणाचे असतात. ‘ब’च्या खाली एक टिंब आणि ‘य’च्या खाली दोन, एवढाच फरक. कोणा लेखकाच्या हातून एक टिंब जास्त पडले आणि बुदासफचा युदासफ झाला. त्यावरून जॉर्जियन इओदासफ, ग्रीक इओआसाफ, आणि लॅटिनमध्ये बायबलातल्या यहोशाफाट राजाच्या नावाशी मिळतेजुळते होऊन जोसाफात. टिंबाची ही चूक आधुनिक अभ्यासकांच्या फार उपयोगी पडली. नाव कोणत्या लिपीतून गेले, याचा दाखला तिने जागच्या जागी जपून ठेवला.

कपटाच्या वादविवादाचा उल्लेख वर ओझरता केला. त्याच्यापाशी थांबायला हवे. राजाचा डाव असा, की नाखोर नावाचा बार्लामसारखाच दिसणारा माणूस उभा करायचा, त्याने भरसभेत ख्रिस्ती मताची बाजू मुद्दाम कच्ची मांडायची आणि हरायचे. राजपुत्राला डाव कळला. हरलास तर जीभ उपटीन, असे त्याने नाखोरला बजावले. बिचारा नाखोर उभा राहिला आणि भीतीने म्हणा, दैवी कृपेने म्हणा, त्याने असे काही भाषण केले की सभा गार झाली. वाचकांनी शतकानुशतके हे भाषण कथेचा भाग म्हणूनच वाचले. १८८९ मध्ये जे. रेंडेल हॅरिस यांना सिनाई पर्वतावरच्या संत कॅथरीनच्या मठात एक सिरियाक हस्तलिखित मिळाले. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्टाइडीझ या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती धर्माचे जे समर्थन मांडले, त्याचा तो अनुवाद होता. मूळ ग्रीक हरवले असे सगळे धरून चालले होते. हॅरिस यांचे काम छापून होण्याआधीच जे. आर्मिटेज रॉबिन्सन यांच्या ध्यानात आले की हे भाषण आपण वाचले आहे. ते नाखोरच्या तोंडी होते! युथिमियसने जुना ग्रंथ उचलून पात्राच्या तोंडी घातला होता. ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत जुन्या समर्थनांपैकी एकाचे ग्रीक शब्द अशा रीतीने बुद्धचरित्राच्या पोटात सुखरूप राहिले.

बार्लामचे दृष्टान्त हा ग्रंथाचा खरा प्राण, आणि त्यांतले कित्येक भारतीय मातीचे आहेत. एक दृष्टान्त असा: एक माणूस पिसाळलेल्या एकशिंगी श्वापदापुढून पळताना खोल विवरात पडतो. पडता पडता एका झुडपाला धरतो आणि लोंबकळत राहतो. खाली पाहतो तर अजगर आ वासून बसलेला. झुडपाच्या मुळाशी एक पांढरा आणि एक काळा असे दोन उंदीर मूळ कुरतडताहेत. भिंतीतून चार सापांची तोंडे डोकावताहेत. आणि वरच्या फांदीवरून मधाचे थेंब गळताहेत. तो माणूस सगळे विसरून मध चाटू लागतो. पांढरा उंदीर दिवस, काळा रात्र, चार साप ही शरीरातली चार तत्त्वे.

महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर पुत्रशोकाने खचलेल्या धृतराष्ट्राला हीच गोष्ट सांगतो. तिथे श्वापदाच्या जागी सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती आहे, म्हणजे सहा ऋतूंचे आणि बारा महिन्यांचे संवत्सर. जैन परंपरेत ती मधुबिंदूचा दृष्टान्त म्हणून प्रसिद्ध आहे आणि जैन मंदिरांतल्या चित्रांत आजही दिसते. अरबीपर्यंत हत्ती टिकला. ग्रीकमध्ये त्याचा एकशिंगी प्राणी झाला. इटलीतल्या पार्मा शहरात बाप्तिस्मा देण्याची एक अष्टकोनी इमारत आहे. तिच्या दक्षिण दारावरच्या कमानीत बेनेदेत्तो अंतेलामी या शिल्पकाराने १२००च्या आसपास हा देखावा दगडात कोरला: झाडावरचा माणूस, मध, बुंध्याशी कुरतडणारे दोन प्राणी आणि खाली अग्नी ओकणारा ड्रॅगन. हस्तिनापुरात सांगितलेली गोष्ट पार्म्याच्या दारावर बसली आहे, आणि कोरणाऱ्याला किंवा तिथून आत जाणाऱ्याला विदुराचे नावही माहीत असायचे कारण नव्हते.

दुसरा एक दृष्टान्त अशोकाच्या कथांशी जुळतो. राजा रस्त्यात फाटक्या वस्त्रांतल्या तपस्व्यांना साष्टांग नमस्कार घालतो, ते त्याच्या भावाला खटकते. राजा भावाच्या दारात मृत्यूची तुतारी वाजवतो. भाऊ भयाने रात्रभर रडतो. सकाळी राजा म्हणतो, माझ्या तुतारीला तू एवढा भ्यालास, मग मृत्यूची आठवण देणाऱ्यांपुढे मी वाकलो तर काय चुकले? ‘अशोकावदाना’त भिक्षूंना वंदन करणाऱ्या अशोकाला टोकणारा मंत्री यश आहे, आणि सात दिवस सिंहासनावर बसवून मरणाची घटका मोजायला लावलेला भाऊ वीतशोकही आहे. दोन्ही धागे इथे एकत्र वळलेले दिसतात. याच राजाने मग चार पेट्या करवल्या. दोन सोन्याने मढवलेल्या, आत सडकी हाडे. दोन डांबर फासलेल्या, आत रत्ने. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या तीन पेट्यांच्या स्वयंवराचा माग अभ्यासक इथपर्यंत आणतात.

अशा गोष्टी असल्यावर पुस्तक पसरणारच. ग्रीक ग्रंथाचीच शंभराहून अधिक हस्तलिखिते उरली आहेत. तेराव्या शतकात इटलीतल्या याकोबुस दे वोराजिने याने संतचरित्रांचा जो लोकप्रिय संग्रह केला, त्यात जोसाफात आला, आणि त्याबरोबर युरोपातल्या बहुतेक भाषांत गेला. त्याच शतकात नॉर्वेच्या राजघराण्यात त्याची नॉर्स गद्यकथा झाली. बार्सिलोनाच्या अब्राहम इब्न हस्दाईने त्याची हिब्रू कथा केली. १५५३ मध्ये एन्बाकोम या मठाधिपतीने अरबीवरून ती इथिओपियाच्या धर्मभाषेत आणली. जोसाफातला संत ठरवणारा कुठला ठराव कधी झाला नाही. संतपद रीतसर चौकशी करून द्यायची पद्धत पुढची. त्याआधी लोक ज्याचे स्मरण करत तो संत, आणि याचे स्मरण सगळे करत होते. १२९८च्या सुमाराला मार्को पोलोने सिंहलद्वीपाच्या वर्णनात शाक्यमुनीचे चरित्र सांगितले आणि हा मनुष्य ख्रिस्ती असता तर मोठा संत ठरला असता, अशा अर्थाचे लिहिले. तो त्याआधीच ठरला होता.

जपानची हकीकत तर विलक्षण आहे. जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून गोव्यामार्गे एक छापखाना जपानला नेला. त्यावर १५९१ मध्ये काझुसा इथे संतचरित्रांचे पुस्तक जपानी भाषेत, पण रोमन लिपीत छापले. त्यात बार्लाम आणि जोसाफात होते. जपानी लोक बुद्धाला शाका म्हणत, आणि शाकाची शिकवण खोटी आहे हे पटवण्यात त्या पाद्र्यांची हयात चालली होती. शाकाला सोडून द्या असे सांगणाऱ्यांनीच अनुकरणासाठी त्याचे चरित्र लोकांच्या हाती ठेवले.

याहून अजब योग गोव्यात घडला. १५६० मध्ये व्हाइसरॉय दों कोन्स्तान्तिनो द ब्रागान्सा याने श्रीलंकेतल्या जाफन्यावर स्वारी केली. लुटीत सोन्याने मढवलेला एक दात मिळाला. तो बुद्धाचा म्हणून तिथे पूजला जात होता. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने तो परत मिळवण्यासाठी तीन-चार लाख क्रुझादो देऊ केले. गोव्याचा खजिना रिता होता आणि सरदार मंडळी घ्यायला तयार होती. पण आर्चबिशप दों गास्पार अडून बसले: मूर्तिपूजेला पैसे घेऊन खतपाणी घालायचे नाही. शेवटी सभा भरली. आर्चबिशपांनी सर्वांदेखत दात खलात घालून कुटला, चूर्ण निखाऱ्यांवर जाळले आणि राख नदीत सोडून दिली. श्रीलंकेतले बौद्ध मात्र खरा दात पोर्तुगीजांच्या हाती लागलाच नाही असे सांगतात. कँडीच्या मंदिरात तो आजही पूजला जातो.

त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर दों सेबास्तियांव हा लहान मुलगा होता. तो हाताशी आल्यावर, १५७१ मध्ये, व्हेनिसचा सत्ताधीश आल्विझे मोचेनिगो याने त्याला एक मोलाची भेट पाठवली: संत जोसाफातच्या कण्याचे हाड. लिस्बनमध्ये ते भक्तिभावाने ठेवले गेले. पुढे पोर्तुगालची गादी स्पेनकडे गेली, त्या धामधुमीत ते देशाबाहेर निघाले आणि अखेर बेल्जियममधल्या अँटवर्पला पोहोचले. तिथल्या संत अँड्र्यूच्या चर्चमध्ये त्याचे स्थान आहे. ते हाड कोणाचे होते हे देव जाणे. पण एकाच राजाच्या नावाने गोव्यात बुद्धाचा दात भस्म झाला आणि दहा-अकरा वर्षांत त्याच राजाने बुद्धाचे हाड डोक्यावर धरले, यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

गोव्याच्या दाताची हकीकत आपल्याला तपशिलात माहीत आहे ती दियोगो दो कोतो याच्यामुळे. तो १५५९ मध्ये गोव्यात आला, पुढे तिथल्या सरकारी दप्तरखान्याचा प्रमुख झाला आणि १६१६ मध्ये गोव्यातच वारला. पोर्तुगीजांच्या आशियातल्या इतिहासाचे खंड त्याने लिहिले. पाचव्या खंडात, बुद्धाचे चरित्र सांगता सांगता, तो थबकतो. हे सगळे तर संत जोसाफातच्या चरित्रासारखे आहे! आणि मग तो साष्टी बेटातली आठवण सांगतो. वसईच्या मुलखातल्या या बेटावर फिरताना तो कान्हेरीची लेणी पाहायला गेला होता. डोंगरभर एका दगडात कोरलेली दालने पाहून त्याने तिथल्या एका फार म्हाताऱ्या माणसाला विचारले, हे कोणी केले? म्हातारा निःशंकपणे म्हणाला, संत जोसाफातच्या बापाने, मुलाला जगापासून दूर ठेवून वाढवायला.

कान्हेरीत तेव्हा भिक्षू राहिले नव्हते, कित्येक शतके झाली होती. वसई-साष्टीतले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले होते. मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च उभे राहिले होते. म्हाताऱ्याने राजपुत्राची गोष्ट पाद्र्यांच्या प्रवचनात ऐकली असणार आणि भारतातला महाल म्हणजे आपल्याच डोंगरातला, असा हिशेब लावला असणार, असे मला वाटते. त्याने बौद्ध लेणी बुद्धाच्या बापाला बहाल केली. चुकीच्या वाटेने तो योग्य घराच्या अगदी अंगणात पोहोचला. कोतोने तर त्याहून पुढे जाऊन जोसाफात आणि बुद्ध एकच असावेत असे लिहूनही ठेवले. फक्त दिशा उलटी धरली. मूळ चरित्र जोसाफातचे आणि बुद्धाच्या नावाने जे सांगतात ती त्यावर कालांतराने चढलेली पुटे, असा त्याचा कल होता. गोव्याच्या दप्तरखान्यात बसून याहून वेगळे वाटणे कठीणच होते.

दिशा सरळ व्हायला आणखी अडीचशे वर्षे लागली. बौद्ध संस्कृत ग्रंथांचे अनुवाद युरोपात होऊ लागले, तेव्हा १८५९ मध्ये फ्रान्समध्ये एदुआर लाबुले यांनी आणि १८६० मध्ये जर्मनीत फेलिक्स लिब्रेख्त यांनी जोसाफातचे चरित्र ‘ललितविस्तरा’सारख्या बुद्धचरित्रांशेजारी ठेवून दाखवले. मॅक्स म्यूलर यांनी १८७० मधल्या एका व्याख्यानात ते सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेले. टॉलस्टॉयने आपल्या ‘कन्फेशन’मध्ये विवरातल्या माणसाचा दृष्टान्त स्वतःच्या आयुष्याला लावला, आणि संतचरित्रांतल्या राजपुत्र इओआसाफचे नाव घेताना ही बुद्धाची गोष्ट हेही सांगून टाकले.

यावरून सगळे धर्म आतून एकच, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. ग्रीक ग्रंथात भारतीयांच्या देवांची यथेच्छ निंदा आहे. प्रत्येक हाताने ही कथा आपल्या मताच्या प्रचारासाठी वापरली. सगळ्यांनी न बदलता जे ठेवले ते एवढेच: म्हातारा दिसणे, महाल सोडणे, आणि मध चाटणारा माणूस.

आणि महाराष्ट्रातला जाणता वाचक तर म्हाताऱ्याच्या दृश्यालाही हरकत घेईल. मूळचे गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात दाखवले की पाली साहित्यात म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रातली. ती गौतमाला मागाहून चिकटली. गौतमाने घर सोडले त्यामागे शाक्य आणि कोलिय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेला तंटा होता, असे त्यांचे मत. डॉ. आंबेडकरांनीही ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये दृश्यांची कथा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला सारली आणि रोहिणीच्या तंट्यालाच गृहत्यागाचे कारण मानले. म्हणजे अर्ध्या जगाने जे चरित्र पूजले त्याचा गाभाच, या दोघांच्या मते, गौतमाचा नव्हे.

अरबी शाखेचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. तिच्या काही रूपांत राजपुत्र काश्मीरमध्ये देह ठेवतो. कुशिनगराचे नाव लिहिता-वाचताना काश्मीर झाले, असे अभ्यासक मानतात. श्रीनगरच्या खानयार भागात रोझाबल नावाचा दर्गा आहे, तो यूझ आसफ नावाच्या सत्पुरुषाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी ही कबर येशू ख्रिस्ताची आहे असे प्रतिपादन केले, आणि त्यांचे अनुयायी तसे मानतात. नावाच्या इतिहासाकडे पाहिले तर यूझ आसफ म्हणजे तोच युदासफ.

अरबी ग्रंथाचे सर्वांत सविस्तर रूप इस्माइली मुसलमानांनी जपले होते, आणि ते पहिल्यांदा छापले गेले आपल्या मुंबईत, शिळाप्रेसवर, हिजरी १३०६ मध्ये, म्हणजे १८८८-८९ साली. दानिएल गिमारे यांनी १९७२ मध्ये बैरूतहून या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा मुंबईची ही प्रत त्यांच्या आधारांपैकी एक होती.